चार्नोकाइटची खोली, तापमान आणि वय : खोल भूकवचातील खडकांचा इतिहास कसा वाचतात

भूशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे : चेन्नईजवळच्या पल्लावरम येथील चार्नोकाइट हा ग्रॅनाइटसारखा, पण गडद खडक सुमारे २५ किलोमीटर खोलीवर आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तयार झाला, असे पाठ्यपुस्तकात दिलेले असते. ही खोली आणि हे तापमान कोणी व कसे मोजले? खडक वर येताना थंड झाला तेव्हा त्यातील खनिजे पुन्हा पूर्वीसारखी का झाली नाहीत? आणि दक्षिणेकडे मदुराई परिसरातील तशाच दिसणाऱ्या खडकाला कोणी २५० कोटी वर्षे, तर कोणी ५५ कोटी वर्षे वय का देते? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांतील मधला प्रश्न माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

खडक तापत जातो तसे त्यातील पाणी बाहेर पडत जाते. येथे पाणी म्हणजे भेगांतले पाणी नव्हे, तर खनिजांच्या स्फटिकरचनेत बांधले गेलेले पाणी. चिखलाच्या खडकात ते आधी चिकणमातीच्या खनिजांत असते, मग क्लोराइटमध्ये, मग अभ्रकात, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यातील काही भाग सुटून जातो. साधारण ७०० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात शेवटचा मोठा साठा फुटतो : बायोटाइट (काळे अभ्रक) आणि क्वार्ट्झ यांची अभिक्रिया होऊन ऑर्थोपायरोक्झीन (लोह-मॅग्नेशियमचे, पाणी नसलेले खनिज), पोटॅश फेल्डस्पार आणि थोडा शिलारस तयार होतो, आणि सुटलेले पाणी त्या शिलारसात विरघळते. हॉर्नब्लेंड या पाणी धरणाऱ्या काळपट खनिजाचेही असेच विघटन होते. ज्याला आपण ग्रॅन्युलाइट म्हणतो तो हा टप्पा ओलांडलेला खडक होय. आता हीच अभिक्रिया उलट दिशेने व्हायची असेल, तर ऑर्थोपायरोक्झीनला पुन्हा बायोटाइट होण्यासाठी तेच पाणी परत मिळाले पाहिजे. शिलारस पाणी घेऊन वर निघून गेला असेल, तर खडक कितीही सावकाश थंड झाला तरी अभिक्रिया उलटू शकत नाही. शिवाय कोरड्या खडकात अणूंची हालचालही फार मंदावते, कारण खनिजकणांच्या सीमांवरून अणू वाहून नेणारा द्रवच उरलेला नसतो. खोल भूकवचातील खडक आपला इतिहास जपू शकले, ते मुख्यतः या कोरडेपणामुळे.

याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ज्या खडकांतून शिलारस निघून गेला नाही, त्यांत थंड होताना ऑर्थोपायरोक्झीनभोवती पुन्हा बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड वाढले, आणि ते खडक आज साध्या पट्टिताश्मासारखे (नाइस या पट्टेदार खडकासारखे) दिसतात. म्हणजे एखादा भाग ग्रॅन्युलाइट म्हणून नकाशावर दाखवला जातो तेव्हा तो भाग तितका तापला होता एवढेच नव्हे, तर तापल्यावर त्याने आपले पाणी गमावलेही होते, असे आपण नकळत सांगत असतो. शेजारचा साधा पट्टिताश्म कमी तापला होता, असा निष्कर्ष केवळ त्याच्या दिसण्यावरून काढू नये.

पाणी नेमके कसे गेले, यावर कर्नाटकातील कनकपुरा तालुक्यातील कब्बालदुर्ग या ठिकाणाने भूशास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. तेथे राखाडी पट्टिताश्मात गडद, हिरवट-तपकिरी, तेलकट चमकेचे डाग आणि शिरा दिसतात. डागाच्या जवळ जाऊन पाहिले, तर पट्टिताश्माचे काळे-पांढरे पट्टे त्या डागात शिरताना पुसट होत जातात, कण मोठे होतात, आणि राखाडी भागातल्या हॉर्नब्लेंड व बायोटाइटच्या जागी आत ऑर्थोपायरोक्झीन सापडते. हातात मावणाऱ्या एकाच दगडात एका टोकाला पट्टिताश्म आणि दुसऱ्या टोकाला चार्नोकाइट! भूशास्त्रज्ञ सी. एस. पिचमुथू यांनी १९६० साली हे ठिकाण जगासमोर आणले. दोन्ही भागांचे तापमान आणि दाब वेगळे असणे शक्यच नाही, कारण त्यांच्यातले अंतर काही सेंटिमीटरांचे आहे. फरक पडला तो पाण्याच्या प्रमाणाने. पुढे जनार्दन, न्यूटन आणि हॅन्सन या भूशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात असे मांडले की खालून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने खडकातील पाणी विरळ केले आणि त्यामुळे कमी पाण्यात टिकणारे ऑर्थोपायरोक्झीन तयार झाले. त्याला आधारही आहे : येथील क्वार्ट्झमध्ये काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे सूक्ष्म कोष आहेत, आणि ते गोठवून पुन्हा तापवले की त्यांतील घन पदार्थ उणे ५६.६ अंशांच्या आसपास वितळतो, हीच शुद्ध कार्बन डायऑक्साइडची खूण.

तरीही माझे मत असे आहे की डाग आणि शिरांसाठी जे खरे आहे, ते हजारो चौरस किलोमीटरच्या सलग ग्रॅन्युलाइट प्रदेशाला जसेच्या तसे लावता येत नाही. एवढा मोठा भाग फक्त वायूने कोरडा करायचा, तर त्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड प्रचंड होतो आणि तो प्रत्येक कणापर्यंत पोहोचावा लागतो. अंशतः वितळून शिलारस निघून जाणे हा मार्ग अशा प्रदेशांसाठी अधिक पटतो. कब्बालपासून उत्तरेकडे सुमारे ४०० किलोमीटर पसरलेला क्लोजपेट ग्रॅनाइट याच काळातला, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याची मुळे कब्बालच्या परिसरातील खोल पातळीवरच्या खडकांत मिसळलेली दिसतात. खालचा खडक कोरडा होत असताना वर ग्रॅनाइट जमा होत होता, हे चित्र त्या प्रदेशात प्रत्यक्ष पाहता येते.

येथे नावाबद्दल थोडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. हॉलंड यांनी १८९३ साली चार्नोकाइट हे नाव दिले. १६९३ साली मरण पावलेले ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जॉब चार्नॉक यांच्या कोलकात्यातील थडग्यावरची शिळा या खडकाची होती, म्हणून ते नाव. १९०० सालच्या सविस्तर वर्णनात हॉलंड यांनी हा खडक अग्निजन्य मानला. नंतर तो रूपांतरित, म्हणजे उष्णता व दाबाने आधीच्या खडकातून बदललेला, आहे असे म्हणणारा मोठा पक्ष उभा राहिला. आज दोन्ही प्रकार मान्य आहेत : काही चार्नोकाइट कोरड्या शिलारसातून खोलवर थेट स्फटिकीभूत झाले, तर काही, कब्बालप्रमाणे, आधीच्या पट्टिताश्मातून तयार झाले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या प्रकारात खनिजांनी दाखवलेले तापमान शिलारस गोठण्याचे असू शकते आणि दुसऱ्यात ते रूपांतरणाचे असते.

आता मोजमापाकडे येऊ. तापमान मोजण्याची मूळ कल्पना अशी की दोन खनिजे एकमेकांशी समतोलात असताना लोह आणि मॅग्नेशियम त्यांच्यात कसे वाटले जाईल, हे तापमानावर ठरते. गार्नेट आणि बायोटाइट यांची जोडी यासाठी सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि तिचे प्रयोगशाळेतील अंशांकन फेरी व स्पिअर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने दोन्ही खनिजांचे रासायनिक घटक काही मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यावर मोजायचे आणि त्यातून तापमान काढायचे, अशी ही पद्धत आहे. दाबासाठी अशी अभिक्रिया निवडतात जिच्यात घनफळ मोठ्या प्रमाणात बदलते. कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज जास्त दाबाखाली मोडून त्यातून गार्नेटमधील कॅल्शियमचा घटक, ॲल्युमिनियम सिलिकेट आणि क्वार्ट्झ तयार होतात. हे दाट पदार्थ आहेत, म्हणून दाब त्यांच्या बाजूने झुकतो. त्यामुळे प्लॅजिओक्लेजच्या तुलनेत गार्नेटमध्ये कॅल्शियम किती गेले आहे, यावरून दाब कळतो. ॲल्युमिनियम सिलिकेटचे तीन प्रकार, अँडालुसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट, हेही ढोबळ मार्गदर्शन करतात. सुमारे ५०० अंश आणि ४ किलोबार (१ किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) या बिंदूभोवती त्यांची क्षेत्रे भेटतात, आणि दक्षिण भारतातील बहुतेक चिखलजन्य ग्रॅन्युलाइटमध्ये सिलिमनाइटच आढळते. अलीकडे या जोड्यांवर विसंबण्याऐवजी संपूर्ण खडकाच्या रासायनिक घटकांवरून थर्मोकॅल्क किंवा परप्लेक्स यांसारख्या संगणकप्रणालींच्या साहाय्याने दाब-तापमानाचा नकाशा काढतात आणि खडकात प्रत्यक्ष असलेला खनिजसमूह त्या नकाशावर कोठे बसतो ते पाहतात.

दाबावरून खोली काढणे सोपे आहे. भूकवचाची घनता दर घनसेंटिमीटरला २.८ ग्रॅम धरली, तर १ किलोबार म्हणजे सुमारे ३.६ किलोमीटर, ७ किलोबार म्हणजे साधारण २५ किलोमीटर. पण दाबाच्या मोजमापातच १ किलोबारचा फरक सहज पडतो आणि तापमानात ५० अंशांचा. तेव्हा पाठ्यपुस्तकातला २५ हा आकडा २१ ते २९ असा वाचावा. याहून गंभीर अडचण अशी की पल्लावरमचा नमुनेदार चार्नोकाइट बहुतांशी गार्नेटविरहित असतो. क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि ऑर्थोपायरोक्झीन एवढ्यांवरून दाब नीट काढताच येत नाही. अशा ठिकाणी खोलीचा आकडा जवळपासच्या गार्नेट असलेल्या खडकांवरून घेतलेला असतो आणि तोच चार्नोकाइटलाही लावलेला असतो. हे गृहीतक वाईट नाही, पण ते गृहीतक आहे हे लक्षात ठेवावे.

तापमानाच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागते. ८०० अंशांच्या वर गार्नेटमध्ये लोह-मॅग्नेशियमची अदलाबदल इतकी सुलभ असते की खडक थंड होऊ लागल्यावरही ती चालूच राहते आणि ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान कोठेतरी थांबते. मायक्रोप्रोबने जे मोजले जाते ते पुष्कळदा हे थांबण्याचे तापमान असते, खडकाने गाठलेले कमाल तापमान नव्हे. म्हणून गार्नेटच्या कडेवर, बायोटाइटला चिकटून, एक ठिपका मोजून त्याला कमाल तापमान म्हणणे ही चूक आहे आणि ती प्रबंधांमध्ये वारंवार दिसते. ऑर्थोपायरोक्झीनमधील ॲल्युमिनियम फार सावकाश हलते, त्यामुळे गार्नेटशेजारच्या मोठ्या ऑर्थोपायरोक्झीनच्या मध्यभागी मोजलेले ॲल्युमिनियम जुने, उच्च तापमान अधिक प्रामाणिकपणे सांगते. काही वेळा तर आकडेमोडीची गरजच पडत नाही. सॅफिरीन हे दुर्मिळ खनिज आणि क्वार्ट्झ एकमेकांना स्पर्श करून असतील, तर खडक ९०० अंशांच्या बराच वर गेला होता हे निश्चित. अंटार्क्टिकातील एंडरबी लँडच्या नेपिअर संकुलात ही जोडी प्रथम ओळखली गेली आणि तेथील तापमान १,००० अंशांच्या पलीकडे जाते. आपल्याकडे पूर्व घाटातही सॅफिरीन असलेले असे अतितप्त खडक आहेत.

कमाल दाब-तापमान म्हणजे इतिहासातला एक क्षण. खरी गोष्ट मार्गाची आहे, आणि तो मार्ग पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसू लागतो. समजा, गार्नेट असलेल्या काळपट पायरोक्झीन ग्रॅन्युलाइटचा काप आहे. मध्यभागी तीनचार मिलिमीटरचा लालसर गार्नेटचा कण, कडा कुरतडल्यासारख्या. त्याच्याभोवती बोटांसारख्या बारीक, एकमेकांत घुसलेल्या काड्या : फिकट गुलाबी-हिरवट छटा बदलणारे ऑर्थोपायरोक्झीन आणि रंगहीन प्लॅजिओक्लेज. या गोफाबाहेर क्लायनोपायरोक्झीन आणि क्वार्ट्झ. येथे काय घडले ते सरळ वाचता येते : गार्नेट, क्लायनोपायरोक्झीन आणि क्वार्ट्झ यांनी मिळून ऑर्थोपायरोक्झीन आणि प्लॅजिओक्लेज तयार केले. ही अभिक्रिया दाब उतरल्यावर होते. काड्या इतक्या बारीक आहेत याचा अर्थ त्यांना मोठे होण्यास वेळ किंवा द्रव मिळाला नाही. म्हणजे खडक अजून तप्त असतानाच वर उचलला गेला. चिखलजन्य खडकात हेच काम गार्नेट आणि सिलिमनाइट यांच्यामधली कॉर्डिएराइटची किनार करते. याउलट प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्झीन यांच्या सीमेवर नवे गार्नेट माळेसारखे वाढलेले असेल, तर खडक त्याच खोलीवर राहून थंड झाला असे समजतात.

पहिला मार्ग खंडांच्या टकरीत जाड झालेल्या भूकवचाशी जुळतो : आधी दाब वाढतो, उष्णता मागाहून पोहोचते, आणि वरचा भाग झिजून गेल्यावर खडक गरम असतानाच वर येतो. दुसरा मार्ग खालून आलेल्या शिलारसाने भूकवच तापवल्याचे सुचवतो. ही विभागणी उपयोगी आहे, पण एका कापावरून संपूर्ण पर्वतरांगेचा इतिहास सांगण्याचा मोह टाळावा, कारण गोफ आणि मूळ गार्नेट यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर असू शकते आणि ते दोन वेगळ्या घटनांचेही असू शकतात. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे : दक्षिण भारतातील ग्रॅन्युलाइट प्रदेशाखाली भूकवच आजही सुमारे ४० किलोमीटर जाड आहे. २५ किलोमीटर झिजून गेले आणि तरीही ४० उरले, याचा अर्थ एकेकाळी ते आजच्या तिबेटइतके जाड होते, किंवा नंतर खालून शिलारसाची भर पडली.

धारवाड क्रेटॉन, म्हणजे कर्नाटकाखालचा प्राचीन, स्थिर भूखंड, एका बाजूने उचलला गेल्यामुळे चित्रदुर्गाकडून दक्षिणेला बिळिगिरीरंगन टेकड्यांकडे जाणे म्हणजे जवळजवळ भूकवचात खाली उतरत जाणे आहे. उत्तरेला कमी तापलेला हिरवट शिस्ट, मग त्याहून अधिक तापलेला अँफिबोलाइट, आणि शेवटी ग्रॅन्युलाइट. क्रेटॉनच्या दक्षिणेकडील निलगिरीत मात्र दाब उलट, उत्तरेकडे, मोयार शिअर झोनच्या (खडक घासून सरकलेल्या पट्ट्याच्या) दिशेने, ९ ते १० किलोबारपर्यंत वाढतो. धारवाडच्या क्रमाने पाहिले तर क्रेटॉनच्या उत्तर टोकाला, दख्खनच्या बेसाल्टखाली, उथळ पातळीचे खडक असावेत असे वाटेल. पण ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात ३३८ मीटर बेसाल्टच्या खाली जे खडक लागले, ते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी अँफिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट दर्जाचे ठरवले आहेत. भूकवचाच्या मध्यभागातले खडक लातूर जिल्ह्यात जमिनीखाली काहीशे मीटरांवर आहेत, म्हणजे बेसाल्ट वाहण्यापूर्वीच तेथे कित्येक किलोमीटर झीज झालेली होती. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी छिद्रातून काढलेल्या या खडकनमुन्यांवरचे काम आवर्जून वाचावे. महाराष्ट्रात उघड्यावर असे खडक पाहायचे, तर भंडारा-बालाघाट ग्रॅन्युलाइट पट्टा आहे.

वयाचा प्रश्न शेवटी घेतला, कारण तो पुन्हा कोरडेपणाकडेच नेतो. झिरकॉन या सूक्ष्म, चिवट खनिजात स्फटिक होताना युरेनियम शिरते, शिसे जवळजवळ शिरत नाही. युरेनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३५चे सुमारे ७० कोटी वर्षे. ही दोन घड्याळे एकाच कणात असल्यामुळे शिसे मध्येच निसटले असेल तर तेही ओळखता येते. झिरकॉन ९०० अंशांनाही आपले शिसे सहसा सोडत नाही. म्हणून प्रखर रूपांतरणातही जुन्या झिरकॉनचा गाभा जसाच्या तसा राहतो आणि त्याभोवती नवी किनार वाढते. कॅथोडोल्युमिनेसन्सच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण चमकवून घेतलेल्या, चित्रात गाभ्यात शिलारसातून वाढल्याचे बारीक समांतर पट्टे दिसतात, किनार मात्र एकसारखी असते. मदुराई परिसरात, विशेषतः कोडाईकनालच्या चार्नोकाइट डोंगरांत, गाभ्याचे वय २५० कोटी वर्षांच्या आसपास येते आणि किनारीचे ५५ कोटींच्या आसपास. पहिले वय मूळ खडक स्फटिक होण्याचे आहे, दुसरे गोंडवन खंड जुळताना झालेल्या रूपांतरणाचे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

मात्र झिरकॉनची किनार वाढण्यासाठी साधारणपणे शिलारस किंवा द्रव लागतो. जो चार्नोकाइट आधीच कोरडा झालेला आहे, तो पुन्हा ८०० अंशांना तापला तरी फारसा वितळत नाही, आणि त्यात किनारही फारशी वाढत नाही. अशा खडकात तरुण वय सापडले नाही म्हणून तो त्या घटनेतून गेलाच नाही, असे म्हणता येत नाही. त्याच वेळी शेजारचा चिखलजन्य खडक, ज्यात अभ्रक शिल्लक होते, भरपूर वितळतो आणि त्यातील मोनाझाइट, वय मोजण्यासाठी वापरले जाणारे दुसरे खनिज, ती घटना स्पष्ट नोंदवते. मदुराईचे ५५ कोटींचे रूपांतरण पक्के झाले त्यात अशा खडकांतील मोनाझाइटचा मोठा वाटा आहे. वितळलेल्या खडकातही एक खबरदारी हवी : तापमान वाढत असताना झिरकॉन शिलारसात विरघळतो, आणि थंड होऊ लागल्यावर पुन्हा स्फटिक होतो, त्यामुळे किनारीचे वय बहुधा कमाल तापमानानंतरचे असते.

आपल्याला प्रकल्पासाठी दक्षिणेतला नमुना घ्यायचा असेल, तर चेन्नईतील सेंट थॉमस माउंटवरील चार्नोकाइटला हातोडा लावू नये. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. चालू खाणीतून परवानगी घेऊन चार्नोकाइट आणि त्याला लागून असलेला गार्नेट-सिलिमनाइटचा खडक, असे दोन्ही नमुने एकाच जागेवरून घ्यावेत. दाब आणि मोनाझाइटचे वय दुसऱ्यातून मिळेल, मूळ खडकाचे वय पहिल्यातून. मायक्रोप्रोबची वेळ मागण्याआधी दोन्हींचे पाचसहा पातळ काप करून कोणते खनिज कोणाला खाते आहे याचे रेखाटन हाताने करावे, आणि ठिपके त्या रेखाटनावर आधी ठरवून मगच मोजायला बसावे.